राज्यांना विचारून : केंद्राच्या अधिकारांविषयी

लासलगावच्या बाजार समितीत कांद्याचा लिलाव होतो तो राज्याच्या कायद्याने. समितीची निवडणूक, व्यापाऱ्याचा परवाना, तोलाई, हमाली, शेतकऱ्याच्या हाती पैसे कधी पडायचे, हे सगळे महाराष्ट्राच्या १९६३ च्या पणन कायद्याने आणि त्याखालच्या नियमांनी ठरते. राज्यघटनेने शेती राज्यांकडे दिली आणि बाजारही राज्यांकडेच दिले. तरीही डिसेंबर २०२३ मध्ये नाशिक जिल्ह्यात शेतकऱ्यांनी लिलाव बंद पाडले, ते मुंबईत झालेल्या कोणत्याही निर्णयामुळे नव्हे. दिल्लीतल्या विदेश व्यापार महासंचालनालयाने एक अधिसूचना काढून ८ डिसेंबरपासून कांद्याची निर्यात थांबवली होती. त्याआधी ऑगस्टमध्ये निर्यातीवर ४० टक्के शुल्क बसले होते. परदेशी व्यापार आणि सीमाशुल्क हे दोन्ही विषय संघसूचीतले, म्हणजे हा अधिकार निर्विवादपणे केंद्राचा. घटनेचा भंग कुठेही झाला नाही. पण ज्या पिकावर एका जिल्ह्याचे अर्थकारण उभे आहे त्याचा भाव एका अधिसूचनेने पाडताना त्या राज्याला आधी विचारावे, असे बंधनही कोणत्या कलमात नाही. हा संग्रह नेमका याच फटीविषयी आहे.

केंद्राला किती अधिकार असावेत हा प्रश्न आपल्याकडे बहुतेक वेळा मजबूत केंद्र हवे की स्वायत्त राज्ये हवीत, अशा भांडणाच्या रूपात येतो. त्या भांडणात वाचकाने एक बाजू घ्यावी अशी या लेखांची अपेक्षा नाही. भारतीय राज्यघटनेने केंद्राला जाणूनबुजून बलवान केले, आणि त्यामागची कारणे आजही बऱ्याच अंशी टिकून आहेत, हे आम्ही मान्य करून चालतो. मात्र राज्यांच्या क्षेत्रात शिरण्याची वाट घटनेने केंद्राला जिथे जिथे दिली, तिथे बहुधा कोणाला तरी विचारण्याची अट घातली: कधी राज्यसभेला, कधी विधिमंडळांना, कधी ठरावीक मुदतीत संसदेला. गेल्या पंचाहत्तर वर्षांत केंद्राची सत्ता सर्वाधिक वाढली ती जिथे अशी अट मुळात नव्हती, किंवा होती पण नावापुरती उरली, अशा जागी. अधिकार किती मोठा आहे यापेक्षा तो वापरण्याआधी कोणाला विचारावे लागते, या प्रश्नाने केंद्र-राज्य संबंधांचा इतिहास अधिक उलगडतो, असे माझे मत आहे.

केंद्र बलवान का झाले, ते समजायला १९३५ च्या कायद्यापर्यंत मागे जावे लागते. विषयांच्या तीन सूच्या ही त्या कायद्याची देणगी. त्याने योजलेले संघराज्य संस्थानिकांमुळे कधी प्रत्यक्षात आले नाही. २९ जानेवारी १९३९ रोजी पुण्याच्या गोखले संस्थेत दिलेल्या व्याख्यानात डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी त्या योजनेची चिरफाड केली. प्रजेला उत्तरदायी नसलेले संस्थानिक संघाच्या विधिमंडळात आपली माणसे नेमणार, ही त्यांची मुख्य हरकत होती. एकात्म राज्यपद्धतीकडे आपला कल आहे, पण प्रांतांना स्वायत्तता द्यायची तर संघराज्य अटळ आहे, हेही त्यांनी तेव्हाच सांगितले होते. पुढे १९४६ च्या कॅबिनेट मिशन योजनेत केंद्राकडे परराष्ट्र व्यवहार, संरक्षण आणि दळणवळण एवढेच उरणार होते आणि शेषाधिकार प्रांतांकडे जाणार होते. डिसेंबर १९४६ मध्ये नेहरूंनी मांडलेल्या उद्दिष्टांच्या ठरावातही शेषाधिकार घटकांकडेच होते. ३ जून १९४७ ला फाळणी ठरली आणि चित्र पालटले. जुलैच्या सुरुवातीला संघाधिकार समितीने दुसरा अहवाल दिला तो बलवान केंद्राच्या बाजूने, शेषाधिकार केंद्राकडे ठेवून. मुस्लिम लीगला सोबत ठेवण्यासाठी केलेली तडजोड आता निरर्थक झाली होती, आणि समोर निर्वासितांचे लोंढे, दंगली, अन्नटंचाई आणि पाचशेहून अधिक संस्थानांचे विलीनीकरण उभे होते. बलवान केंद्र हा सत्तेचा हव्यास होता असे म्हणणाऱ्यांनी ते वर्ष एकदा नीट वाचावे.

तरीही घटनाकारांनी केंद्राला मोकळे रान दिले नाही. मूळ घटनेत संघसूचीत ९७, राज्यसूचीत ६६ आणि समवर्ती सूचीत ४७ विषय होते. राज्यांचे कायदे करण्याचे आणि कारभाराचे अधिकार केंद्राच्या मर्जीवर अवलंबून नाहीत, ते थेट घटनेतून येतात, हे आंबेडकरांनी २५ नोव्हेंबर १९४९ च्या भाषणात निःसंदिग्धपणे सांगितले. राज्यसूचीतल्या विषयावर संसदेला कायदा करायचा असेल तर अनुच्छेद २४९ प्रमाणे राज्यसभेने दोन तृतीयांश बहुमताने ठराव करावा लागतो, आणि तोही एका वेळी एका वर्षापुरता. अनुच्छेद २५२ प्रमाणे दोन किंवा अधिक राज्यांनी तशी मागणी करावी लागते. आणि अनुच्छेद २५३ प्रमाणे आंतरराष्ट्रीय करार किंवा परिषदेतला निर्णय अमलात आणायचा असेल, तर कोणालाच विचारावे लागत नाही. या शेवटच्या दोन वाटांमधला फरक पर्यावरणाच्या कायद्यांत स्पष्ट दिसतो. पाणी हा राज्यांचा विषय म्हणून जलप्रदूषणाचा १९७४ चा कायदा राज्यांच्या ठरावांनंतर, अनुच्छेद २५२ खाली झाला. बारा वर्षांनी, भोपाळ दुर्घटनेनंतर, १९८६ चा पर्यावरण संरक्षण कायदा आला. पाणी, हवा आणि जमीन हे सगळे त्याच्या कक्षेत होते. तो १९७२ च्या स्टॉकहोम परिषदेचा आधार घेऊन अनुच्छेद २५३ च्या वाटेने आला, आणि एकाही विधिमंडळाला विचारावे लागले नाही. कायदा गरजेचा होता, यात वाद नाही. पण दोन वाटांपैकी कोणती अधिक वापरात राहणार, हे त्या वेळीच ठरून गेले.

विचारण्याची अट असली तरी ती किती भक्कम आहे, हा पुढचा प्रश्न. मराठी वाचकाला तो अनुच्छेद ३ मध्ये सर्वांत जवळून दिसेल. राज्याची सीमा, क्षेत्र, नाव बदलण्याचा, राज्य तोडण्याचा किंवा जोडण्याचा अधिकार संसदेला साध्या बहुमताने आहे. संबंधित विधिमंडळाचे मत फक्त मागवायचे, ते मानायचे बंधन नाही. १९५६ च्या राज्य पुनर्रचना विधेयकात सुरुवातीला महाराष्ट्र, गुजरात आणि केंद्रशासित मुंबई असे तीन भाग होते, आणि मुंबई विधिमंडळाचे मत मागवले गेले ते त्या मसुद्यावर. संसदेत चर्चा होता होता तिन्ही एकत्र करून द्विभाषिक मुंबई राज्य झाले. बदललेल्या प्रस्तावावर विधिमंडळाला पुन्हा विचारले नाही, म्हणून बाबुलाल पराते यांनी न्यायालयात दाद मागितली. सर्वोच्च न्यायालयाने १९५९ मध्ये निकाल दिला की मत एकदा मागवले की पुरे. पुढे विधेयकात दुरुस्त्या झाल्या तरी प्रत्येक वेळी विचारण्याची गरज नाही. कायद्याच्या दृष्टीने प्रश्न संपला, रस्त्यावर मात्र तो पेटलेलाच होता. घटनेतल्या वाटेने जो आवाज पोहोचला नाही तो संयुक्त महाराष्ट्राच्या चळवळीतून पोहोचला, आणि १ मे १९६० ला संसदेने आपलाच निर्णय फिरवला. गोव्याचे उदाहरण याच्या अगदी उलट आहे. महाराष्ट्रात विलीन व्हायचे की केंद्रशासित राहायचे हे थेट गोवेकरांना विचारण्याची सक्ती घटनेत कुठेही नव्हती. तरी संसदेने त्यासाठी खास कायदा केला आणि १६ जानेवारी १९६७ ला जनमत कौल घेतला. विलीनीकरणाविरुद्ध १,७२,१९१ आणि बाजूने १,३८,१७० मते पडली. विलीनीकरणवाद्यांना तो निकाल कडू लागला, पण त्यावर पुढे मोठा झगडा झाला नाही, आणि ३० मे १९८७ ला गोवा स्वतंत्र राज्य झाले. या दोन उदाहरणांपुढे २०१९ चे जम्मू-काश्मीर ठेवून पाहावे. तिथली विधानसभा विसर्जित होती आणि राष्ट्रपती राजवट असल्याने तिचे अधिकार संसदेकडे होते. राज्याचे मत म्हणून संसदेने स्वतःचेच मत घेतले. डिसेंबर २०२३ च्या निकालात अनुच्छेद ३७० विषयीचे निर्णय आणि लडाखचे विभाजन कायम राहिले. उरलेल्या राज्याचा दर्जा काढून घेता येतो का हा प्रश्न मात्र, दर्जा परत देण्याच्या केंद्राच्या आश्वासनावर विसंबून, न्यायालयाने अनिर्णित ठेवला. माझ्या दृष्टीने त्या निकालातली सर्वांत मोठी उणीव तीच.

अनुच्छेद ३५६ चा इतिहास अधिक परिचित आहे, म्हणून त्यावर थोडक्यात. राष्ट्रपती राजवट आजवर शंभराहून अधिक वेळा लागली. १९७७ मध्ये जनता सरकारने आणि १९८० मध्ये इंदिरा गांधींच्या सरकारने नऊ-नऊ राज्यांतली सरकारे घालवली, म्हणजे हा मोह कोणत्याही एका पक्षाचा नव्हता. १९९४ च्या बोम्मई निकालाने त्याला पहिला खरा आवर घातला: बहुमत राजभवनात नव्हे तर विधानसभेत सिद्ध व्हावे, घोषणेमागची कारणे न्यायालयाने तपासावीत, आणि संसदेच्या मंजुरीआधी विधानसभा विसर्जित करू नये. २०१६ मध्ये उत्तराखंड आणि अरुणाचल प्रदेशातली पदच्युत सरकारे न्यायालयाच्या हस्तक्षेपामुळे परतली. महाराष्ट्रात २०१९ मध्ये १२ नोव्हेंबरला लागलेली राजवट २३ नोव्हेंबरच्या पहाटे ५ वाजून ४७ मिनिटांनी उठली. मंत्रिमंडळाची बैठक न घेता पंतप्रधानांना निर्णय घेऊ देणारा कार्यपद्धतीतला बारावा नियम त्यासाठी वापरला गेला. त्या सकाळी झालेला शपथविधी टिकला नाही, कारण तीन दिवसांत सर्वोच्च न्यायालयाने विश्वासदर्शक ठराव घेण्याचा आदेश दिला. न्यायालयाने घातलेली अट इथे कामी आली. केंद्रातल्या मंत्रिमंडळाला विचारण्याची अट मात्र एका नियमाने रातोरात बाजूला ठेवता आली, हेही तितकेच लक्षात ठेवण्यासारखे आहे.

या विषयाचा अभ्यास करणाऱ्यांचे ढोबळमानाने चार गट दिसतात. पहिला गट कायद्याच्या चौकटीतून पाहणाऱ्यांचा. के. सी. व्हेअर यांनी अमेरिका आणि ऑस्ट्रेलियाचे माप लावून भारताला अर्धसंघराज्य ठरवले, आणि आपल्या पाठ्यपुस्तकांनी ते बिरुद दोन पिढ्या वाहिले. दुसरा गट घटनानिर्मितीच्या इतिहासातून पाहणारा. ग्रॅनव्हिल ऑस्टिन यांनी त्यात सहकारी संघराज्याची कल्पना वाचली. तिसऱ्या गटाला पक्षव्यवस्था महत्त्वाची वाटते. रजनी कोठारींनी वर्णन केलेल्या काँग्रेस व्यवस्थेत केंद्र-राज्य वाद पक्षाच्या आतच मिटत असत. १९६७ नंतर ते बाहेर आले आणि आघाडी सरकारांच्या काळात राज्यांचे वजन घटनेत एक शब्दही न बदलता वाढले. याच गटाशेजारी आल्फ्रेड स्टेपान यांचे नाव घ्यावे लागेल. स्वतंत्र राज्ये एकत्र येऊन झालेली संघराज्ये आणि मोठा देश एकत्र टिकवण्यासाठी उभारलेली संघराज्ये, हा त्यांनी केलेला भेद भारताला अमेरिकेच्या मापाने तोलण्याच्या सवयीतून बाहेर काढतो. चौथा गट अर्थशास्त्रज्ञांचा, आणि माझ्या मते आजच्या घडीला सर्वांत जास्त शिकवणारा तोच आहे. आयोगांच्या अहवालांची परंपरा या सगळ्यांना समांतर चालते: तमिळनाडूने नेमलेली राजमन्नार समिती, १९८८ चा सरकारिया अहवाल, २०१० चा पुंछी अहवाल. सरकारिया अहवाल आजही सर्वांत वाचनीय आहे, कारण तो तक्रारी नोंदवून थांबत नाही, प्रथा कशा असाव्यात ते सांगतो. राज्यपालांच्या नेमणुकीविषयी त्याने सुचवलेले संकेत आजही बव्हंशी कागदावरच आहेत.

अर्थकारणाचे एकच उदाहरण जरा जवळून पाहू. फेब्रुवारी २०२१ च्या अर्थसंकल्पानंतर पेट्रोलवर लिटरमागे केंद्राचा कर ३२ रुपये ९० पैसे होता. त्यात मूळ उत्पादन शुल्क फक्त १ रुपया ४० पैसे होते. उरलेले ३१ रुपये ५० पैसे विशेष अतिरिक्त शुल्क, रस्ते व पायाभूत सुविधा उपकर आणि कृषी पायाभूत सुविधा उपकर अशा नावांनी येत. वित्त आयोगाने ठरवलेला राज्यांचा ४१ टक्के वाटा फक्त त्या १ रुपया ४० पैशांवर लागू होता, म्हणजे देशातल्या सगळ्या राज्यांना मिळून लिटरमागे सुमारे ५७ पैसे. उपकर आणि अधिभार वाटपातून वगळण्याची सोय घटनेतच आहे. वित्त आयोग ही राज्यांचे म्हणणे ऐकण्यासाठी घटनेने उभारलेली यंत्रणा आहे. आयोग प्रत्येक राज्यात जातो, निवेदने घेतो, सूत्र ठरवतो, आणि चौदाव्या आयोगाने तर राज्यांचा वाटा ३२ टक्क्यांवरून ४२ टक्क्यांवर नेला. पण आयोग ज्या भांड्यातून वाटप करतो त्यात किती ओतायचे हे केंद्र एकटे ठरवते. वस्तू व सेवा कराची रचना त्यामानाने अधिक प्रामाणिक आहे. राज्यांनी विक्रीकराचा आणि महापालिकांनी जकातीचा हक्क सोडला. मुंबईच्या वेशीवरचे जकात नाके १ जुलै २०१७ ला बंद झाले. बदल्यात परिषदेत केंद्राला एक तृतीयांश आणि राज्यांना मिळून दोन तृतीयांश मतमूल्य मिळाले, आणि निर्णयाला तीन चतुर्थांश बहुमत लागते. केंद्राशिवाय काही होत नाही, पण केंद्र एकट्याने काही करू शकत नाही. कर बसवण्याच्या हक्कात राज्यांनी काय गमावले हा वाद रास्त आहे, तरी निदान एका टेबलाभोवती बसणे इथे सक्तीचे आहे.

या मांडणीवर तीन आक्षेप येतात, आणि तिन्ही गंभीर आहेत. पहिला असा की बलवान केंद्र नसेल तर श्रीमंत राज्ये आपला पैसा राखून ठेवतील आणि बिहार-झारखंडसारखी राज्ये मागे पडतील. हे खरे आहे. पंधराव्या वित्त आयोगाने महाराष्ट्राला विभाज्य करांतला ६.३१७ टक्के हिस्सा दिला आणि उत्तर प्रदेशाला १७.९३९ टक्के, त्यावर मुंबईत नाराजी उमटते. पण पुनर्वाटप हे संघराज्याच्या प्रमुख प्रयोजनांपैकी एक आहे आणि महाराष्ट्राने त्याविषयी कुरकूर करू नये, असे मला वाटते. उपकर वाटपाबाहेर राहिल्याने गरीब राज्यांचेही नुकसानच होते, ही गोष्ट या आक्षेपात सुटते. दुसरा आक्षेप वेळेचा. साथ, युद्ध, महापूर यांत विचारत बसायला सवड नसते. मार्च २०२० मध्ये केंद्राने २००५ च्या आपत्ती व्यवस्थापन कायद्याखाली देशभर टाळेबंदी लावली, तेव्हा पहिल्या आठवड्यापुरता हा युक्तिवाद मान्य करता येईल. पण कित्येक आठवड्यांनंतरही स्थलांतरित मजुरांच्या रेल्वेगाड्यांसारखे प्रश्न चिघळले, कारण मजूर ज्या राज्यांतून निघत होते आणि ज्यांत पोहोचणार होते, त्यांना निर्णयाच्या आधी बोलावले गेले नव्हते. तिसरा आक्षेप मुख्यमंत्र्यांच्या वर्तनाविषयीचा: विरोधात असताना संघराज्याची आठवण येते, दिल्लीत सत्ता आली की विसरते. आक्षेप बरोबर आहे. म्हणूनच विचारण्याची अट कोणाच्या सद्भावनेवर सोडता येत नाही, ती नियमात लिहावी लागते.

अर्थात लिहिलेली अटही पोकळ होऊ शकते. सातव्या अनुसूचीत बदल करायला निम्म्या राज्यांच्या विधिमंडळांची संमती लागते. १९७६ मध्ये बेचाळिसाव्या घटनादुरुस्तीने शिक्षण, वने, वजनमापे, वन्यजीवांचे संरक्षण आणि न्यायदानाची व्यवस्था समवर्ती सूचीत नेली, तेव्हा ती संमती मिळाली. पण आणीबाणी होती आणि विरोधी नेते तुरुंगात होते. विदर्भात महसुली दप्तरात झुडपी जंगल म्हणून नोंदलेल्या जमिनीवर रस्ता, शाळा किंवा घरे नियमित करायला दिल्लीची परवानगी का लागते, याचा धागा त्या बदलापर्यंत आणि त्यातून आलेल्या १९८० च्या वन संवर्धन कायद्यापर्यंत जातो. राज्यसभा हे राज्यांचे सभागृह. पण २००३ पासून उमेदवार त्या राज्याचा रहिवासी असण्याची अट उरली नाही, आणि २००६ मध्ये न्यायालयाने तो बदल वैध ठरवला. तिच्या दोन तृतीयांश ठरावात राज्याचा आवाज किती आणि पक्षाचा किती, हे आता वेगळे काढणे अवघड आहे.

हे पुस्तक आता येण्याला कारण आहे. जुलै २०२४ मध्ये नऊ न्यायाधीशांच्या पीठाने खनिजांवर कर बसवण्याचा राज्यांचा अधिकार मान्य केला, त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये औद्योगिक मद्यार्काचे नियमन करण्याचाही. विधेयके अडवून ठेवणाऱ्या राज्यपालांना एप्रिल २०२५ मध्ये न्यायालयाने मुदत घालून दिली, आणि नोव्हेंबरमध्ये पाच न्यायाधीशांच्या पीठाने अशी मुदत न्यायालयाला ठरवता येत नाही असे मत दिले. लोकसभेच्या जागांचे राज्यनिहाय वाटप १९७१ च्या जनगणनेवर गोठवलेले आहे, आणि ती मुदत २०२६ नंतरच्या पहिल्या जनगणनेपर्यंतच आहे. लोकसंख्या आटोक्यात ठेवणाऱ्या राज्यांचा संसदेतला आवाज त्यानंतर कमी व्हावा का, हा प्रश्न दारात उभा आहे. त्यावर भावना तापण्याआधी मराठी वाचकाच्या हाती कलमे, निकाल आणि आकडे एकत्र असावेत, हा या संग्रहाचा पहिला हेतू आहे. स्पर्धा परीक्षेचे विद्यार्थी आणि कायद्याचे अभ्यासक तो वाचतीलच. पण तो डोळ्यांसमोर ठेवतो तालुक्याच्या पत्रकाराला, बाजार समितीच्या संचालकाला, आणि निधी का आला नाही हे मतदारांना समजावून सांगावे लागणाऱ्या आमदाराला.

संग्रहाने आणखी एक अवघड गोष्ट हाती घेतली आहे, आणि तिच्याविषयी मला विशेष आस्था आहे. जे राज्य दिल्लीने आपल्याला विचारावे म्हणते, ते स्वतः महापालिकांना आणि जिल्हा परिषदांना किती विचारते? मुंबई महापालिकेच्या सभागृहाची मुदत मार्च २०२२ मध्ये संपली आणि निवडणूक झाली जानेवारी २०२६ मध्ये. मधली जवळजवळ चार वर्षे देशातल्या सर्वांत श्रीमंत महापालिकेचा कारभार राज्याने नेमलेल्या प्रशासकाच्या हाती होता. आरक्षणाचे आणि प्रभागरचनेचे खटले हे त्याचे एक कारण, पण घाई कोणत्याच सरकारला नव्हती. जकात गेल्यावर महापालिकांना मिळणारी भरपाईही राज्याच्या तिजोरीतून, राज्याच्या कायद्याने येते. म्हणून या लेखांत केंद्राच्या अधिकारांची चर्चा दिल्ली आणि मुंबई यांच्यातल्या हिशेबापाशी संपत नाही. वित्त आयोगाला लावलेली कसोटी इथे राज्य वित्त आयोगालाही लावली आहे, आणि राज्यपालांना विचारलेले प्रश्न प्रशासकांनाही विचारले आहेत.